सात कोटी एकोणचाळीस लाख आणि तीन डबे

देवास, ३१ मार्च. कोरडा वारा, ऊन कडक, देवीची टेकडी धुळीत पुसट.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये दुपारी तीन डबे एकत्र उघडतात: दिनकरकाका, मीनाताई आणि मी. भाजी संपते, किस्से उरतात. या एका संख्येचेच पाच महिन्यांत इतके साठले की मला वेगळी वही करावी लागली.

संख्या आहे ७३९३९१३३. काकांनी तरुणपणी कुठेतरी वाचलं होतं की ही मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही. शिवाय उजवीकडून एकेक अंक काढत गेलं, तरी उरते तीही मूळच.

"वाचलंय पुष्कळांनी. हाताने करून कोणी पाहिलंय?" काका म्हणायचे. रिटायर होण्याआधी त्यांना ते करायचंच होतं. नुसते मूळ भाजक घेतले, तरी हजाराहून जास्त. नेम ठरला: रोज प्रत्येकी तीन भागाकार, मगच डबा. कॅल्क्युलेटर नाही.

*

पहिल्याच दिवशी काकांचा सातने भाग गेला. बाकी शून्य. काकांनी डबा पिशवीत परत ठेवला.

मीनाताईंनी कागद ओढून घेतला. "काका, शेवटी १३३ आहे. तुम्ही ३१३ लिहिलंत."

पुन्हा केलं. बाकी दोन. काका म्हणाले, "दोनच उरले, पण जेवण्यापुरते पुष्कळ झाले."

*

गेटवरचा चौकीदार एकदा म्हणाला, "भिया, मोबाइल में डालो. दो सेकंड का काम है."

"दर्शन भी मोबाइल में हो जाते हैं," काका म्हणाले. "फिर हर मंगल को टेकरी पैदल क्यों चढ़ते हो?"

दुसऱ्या दिवसापासून तो रोज विचारायला लागला, "आज कितने निपटे?"

*

काकांच्या घरच्या मुंजीला आम्ही धारला गेलो. तिथे त्यांच्या नव्वदीच्या आत्याबाई. "आपण काय एवढं भागता आहात?" त्यांनी मला विचारलं.

काकांनी कागदाच्या पट्टीवर संख्या लिहिली आणि कात्रीने उजवीकडून एकेक अंक कापत गेले. "हा गेला, उरली ती मूळ. हाही गेला, तरी मूळ." शेवटी नुसता सात राहिला.

आत्याबाईंनी पट्टीचे तुकडे नीट जुळवून पाहिले. "म्हणजे मागे कुठल्याच पिढीत खोट नाही. स्थळ उत्तम आहे."

*

आज काकांचा नोकरीतला शेवटचा दिवस, आणि एकच भाजक उरलेला: ८५९७. पुढच्या मूळ भाजकाचा वर्गच संख्येहून मोठा होतो, म्हणून तपासणी तिथे संपते. हा भागाकार मीनाताईंनी चार दिवस काकांसाठी राखून ठेवला होता.

हॉलमध्ये हार-नारळ तयार. मॅनेजर स्वतः दारात आले. "दिनकरजी, सब वेट कर रहे हैं."

"साहेब, अजून डबा उघडला नाही," काका म्हणाले आणि पेन्सिलीला टोक काढायला लागले.

मॅनेजर स्टूल ओढून बसले. चौकीदारही गेट सोडून आला होता. काकांनी सावकाश मांडणी केली, शेवटचे तीन अंक बोट ठेवून वाचले: एक, तीन, तीन. मग लिहीत गेले. मीनाताईंनी तपासलं, मी तपासलं, तिघांनी सह्या केल्या.

भागाकार ८६००. बाकी ४९३३.