संतोषच्या जहाजाचा कौल

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. नव्हता... आणि आजही नाही, असंच मी चारचौघांत सांगतो. इथे लिहितोय ते रागानं. गेल्या वेळी इथेच कुणीतरी लिहिलं होतं की असले अनुभव रिकामटेकड्यांनाच येतात. बरं. मग ऐका एका रिकामटेकड्याचं.

२००३ चा उन्हाळा. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानांच्या गल्लीत संतोषचं घर, आणि वर त्याची पत्र्याची खोली. संतोष, रवी, शकील आणि मी – चौघं तिथे दर रविवारी दुपारी अंतराळाचा खेळ खेळायचो. कॉम्प्युटरवरचा नाही, बसून बोलत खेळायचा. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं, आणि रवी गोष्ट पुढे नेणार. रवीच्या पुण्याच्या भावानं नियमांच्या झेरॉक्स दिल्या होत्या. त्यातले ग्रह आम्हाला आवडले नाहीत, म्हणून आम्ही आमचेच लोक तयार केले – ज्यांना ग्रहच नाही असे. जहाजांचा ताफा घेऊन जन्मभर फिरणारे, आम्हा प्रत्येकाचं एक जहाज.

दोन वर्षं त्यात घातली! पाणी कसं वाटायचं, भांडण कुणी मिटवायचं, सगळं ठरवलं. लग्न दुसऱ्याच जहाजात करायचं, म्हणजे प्रत्येकाचे सोयरे शेजारी, लढाईच नको. ताफ्याच्या पुढे चालणारं जहाज दर मुक्कामाला बदलायचं, म्हणजे कुणी कायमचा पाटील होणार नाही – ही शकीलची अक्कल. आणि संतोषचा नियम सगळ्यांत वरचा : कुणालाही मागे सोडायचं नाही. मुक्काम हलवण्याआधी प्रत्येक जहाजानं कौल द्यायचा. झेरॉक्समधले आठ-दहा बाजूंचे फासे जालन्यात कुठे मिळणार? आम्ही फोडलेले चिंचोके टाकायचो. पांढरे जास्त पडले की जहाज तयार, काळे जास्त पडले की ताफा थांबणार.

दोन वर्षांनंतरच्या हिवाळ्यात संतोषला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. काकू, म्हणजे त्याची आई, रोज त्याच्या मागे लागायची – दवाखान्यात चल. हा गळ्यात काविळीची माळ घालून बसला, "माळ खाली उतरली की कावीळ उतरते," म्हणायचा. आम्हीही हसण्यावारी नेलं. बघता बघता गेला. तेविसाचा होता.

महिने गेले. मग काकूंनीच निरोप धाडला, "या रे खेळायला, वरची खोली खायला उठती." आम्ही गेलो. लाईट गेलेली, पंखा बंद, पत्रा तापलेला. त्याची जागा तशीच सोडून बसलो.

रवी म्हणाला, "संतोषचं जहाज इंधन संपून मागं राह्यलं, असं धरू. ताफा पुढं नेऊ."

माझं डोकंच फिरलं. "मागं राह्यलं? त्याच्याच घरात बसून त्यालाच सोडून राह्यला तू?"

"मंग काय करायचं? न्हाई तो! किती दिवस नाटक करायचं?"

त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटलं. मी संतोषचे चिंचोके उचलले, म्हटलं त्याचा कौल मी देतो, आणि टाकले.

सगळे काळे.

होतं असं कधीकधी. पुन्हा टाकले. सगळे काळे. रवीनं माझ्या हातातून हिसकावले, टाकले – काळे. शकीलनं एकेक चिंचोका उलटून पाहिला, पाठ काळी, पोट पांढरं, बिलकुल ठीक. त्यानं तेच चिंचोके स्वतःच्या जहाजासाठी टाकले : निम्मे पांढरे, निम्मे काळे. "आता संतोषसाठी," म्हणून टाकले. सगळे काळे.

रवीचा चेहरा उतरला. मला मात्र भीती वाटली नाही. मला संताप आला. मी त्या रिकाम्या जागेवर ओरडलो, "किती थांबायचं रे तुझ्यासाठी? जाताना आम्हाला विचारलं होतंस का?"

दारात काकू उभ्या होत्या, हातात सरबताचे पेले. सगळं ऐकलेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शकीलनं चाचरत त्यांना खेळ समजावला, कौल समजावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या ह्या लोकांत माणूस गेल्यावर काय करतेत?"

 ते आम्ही ठरवलंच नव्हतं! लग्न ठरवलं, बारसं ठरवलं, पाण्याच्या पाळ्या ठरवल्या. पण या लोकांना मरण असतं, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"मंग त्यानं जायचं कसं? आन् तुम्ही तरी कसं जायचं?" काकू खाली बसल्या. चिंचोके मुठीत घेतले. "संतोष, ह्यांना जाऊ दे बाबा. त्यांचं वय हाय. तू ऱ्हा माझ्यापाशी, मी हाय इथं."

टाकले. सगळे पांढरे.

 रवीनं कसंबसं म्हटलं, "ताफा निघाला."

मला वाटलं काकू रडतील. त्या रडल्या नाहीत. लालबुंद झाल्या. ते चिंचोके त्यांनी उचलून भिंतीवर फेकले. "आता ऐकतो व्हय रे? दवाखान्यात चल म्हनून पाया पडले तुज्या, तवा न्हाई ऐकलं! आता एका शब्दात ऐकतो?"

त्यानंतर आम्ही तो खेळ खेळलो नाही. उकाड्यानं चिंचोके वाकडे झाले असतील, हात विशिष्ट पद्धतीनं पडत असेल, योगायोग असेल – सगळं म्हणून झालं. मग शकीलनं स्वतःसाठी टाकले तेव्हा निम्मे-निम्मे कसे पडले?  

राग मात्र अजून आहे, आणि तो काकूंच्या रागासारखाच आहे. ऐकू येत होतं ना तुला, संतोष? मग आधी का नाही ऐकलंस रे?