सगळ्यांचा एकच फोल्डर

बारामतीतल्या एका माती तपासणी लॅबमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. ऑफिसात विंडोज, लॅबमध्ये लिनक्स, आणि दोघांमध्ये सर्व्हरवरचा एक शेअर फोल्डर. या दोघांना एकत्र नांदवायचं, एवढंच माझं काम. त्या फोल्डरात रिपोर्ट जितके साठलेत, त्याहून जास्त किस्से साठलेत!

फोल्डर सुरू केला त्या दिवशी आमचे हेडक्लार्क आबा माझ्याकडं आले.

"ह्यो फोल्डर हाय कुठं?"

"सर्व्हरवर, आबा."

"आन् सर्व्हर?"

"मागच्या खोलीत."

दुसऱ्या दिवशी बघतो तर आबा पेन ड्राइव्ह घेऊन मागच्या खोलीत! मी म्हटलं, "आबा, जागेवर बसून मिळतंय की."

"दोन पावलं चालायला काय हुतंय? उगं वायरीला कशाला तरास!"

पुढं आबांना वायरीची सवय झाली, ती मात्र जरा जास्तच. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी शेअरमधले वर्षभराचे रिपोर्ट पुसून टाकले. लॅबमधल्या सुलक्षणा मॅडम रडायच्या बेतात.

आबा शांत. "म्या माझ्या कॉम्प्युटरातलं काढलं. तुमच्याला हातबी लावला न्हाय!"

बॅकअपमधून सगळं परत आणायला मला संध्याकाळ झाली. आबा कौतुकानं बघत होते. म्हणाले, "परत येतंय व्हय? मग सकाळधरनं एवढी बोंबाबोंब कशापायी?"

एकदा मॅडमना फाईलमध्ये दुरुस्ती करायची होती. पण ती साहेबांच्या मशीनवर उघडी, म्हणून इकडं लॉक. साहेब केबिन बंद करून मीटिंगला इंदापूरला गेलेले. मी फोन लावला.

"सर, फाईल उघडीच राहिलीय."

साहेब म्हणाले, "केबिनला कुलूप आहे ना? मग काळजी नको!"

इंदापूरवरून आठवलं. तिथली आमची शाखाही याच फोल्डरला जोडलेली आहे. तिथून फाईल आली की मागोमाग एसटीनं पाकीट येतं. आत पत्र असतं: 'फाईल शेअरवर टाकली आहे, पोच द्यावी.' आम्ही पोच लिहितो, सही-शिक्का मारतो, स्कॅन करतो आणि शेअरवर टाकतो.

दोन दिवसांनी परत पाकीट. 'आपली पोच मिळाली!'

पण कोऱ्हाळे बुद्रुकच्या भावांचं ऐका.

थोरले बापूराव, धाकटा सोपान. आडनाव एक, वावरं शेजारी, आणि वाटणीपासून बारा वर्षं अबोला. बापूरावांचं एकच म्हणणं: "माझ्या वाट्याला चोपण जमीन मारली!" पाणी दिलं की चिखल, वाळली की दगड.

दोघांनी आपापल्या मातीचे नमुने दिले. मॅडमनी लिनक्सवर दोन फाईली केल्या. आडनाव तेच, फक्त थोरल्याचं इंग्रजी मोठ्या अक्षरात, धाकट्याचं लहान. लिनक्स मोठं-लहान अक्षर वेगळं धरतं, म्हणून तिथं या दोन फाईली; विंडोजला दोन्ही सारखंच, म्हणून एकच! आबा कुठल्याही नावावर क्लिक करोत, धाकट्याचीच उघडायची. आबांनी तीच दोनदा छापली आणि वर नावं पेनानं लिहिली.

रिपोर्ट न्यायला दोघं नेमके एकाच वेळी आले. काउंटरवर दोघांनी कागद शेजारी शेजारी धरले. आकड्याला आकडा सारखा. बापूराव खाली बघायला लागले.

"सोपाना, म्या उगंच बोललो रं तुला."

सोपानचे डोळे भरले. एकाच मोटरसायकलवर बसून दोघं गावाकडं गेले.

तिसऱ्या दिवशी घोळ माझ्या लक्षात आला. चुकीच्या कागदावर ऊस लागला असता, तर बापूरावांचं सगळं साल वाया! खरा रिपोर्ट घेऊन मी कोऱ्हाळ्याला गेलो. सोपान थोरल्याच्या वावरात ट्रॅक्टर हाणत होता. मी बापूरावांना बाजूला घेतलं, चूक सांगितली, हात जोडले.

त्यांनी कागद दोनदा वाचला.

"म्हंजी चोपणच हाय. बारा वर्सं म्या खरंच बोलत हुतो."

आता हे सोपानला हाक मारणार, म्हणून मी अंग चोरून उभा राहिलो. बापूरावांनी कागदाची घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि ट्रॅक्टरकडं बघत हळूच म्हणाले, "साहेब, चोपण सुधराया जिप्सम किती टाकायचं तेवढं सांगा. आन् त्या कॉम्प्युटरात हाय तसंच ऱ्हाऊ द्या!"