कुत्रा जिंकतो ती कविता

नातीने अमेरिकेतल्या तिच्या शाळेत बेसबॉलवरची एक विनोदी कविता म्हटली आणि मुलीने त्याचा व्हिडिओ आम्हाला पाठवला. तिकडे सगळा वर्ग पोट धरून हसत होता आणि इकडे इंदिरानगरच्या आमच्या हॉलमध्ये आम्ही दोघं ठोंब्यासारखे बघत होतो. एक ओळ कळली असेल तर शपथ!

ह्यांना ते फार लागलं. नातीला मराठी येत नाही आणि ह्यांचं इंग्रजी कारखान्यातल्या सुट्या भागांच्या नावांपुरतं. दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर "हॅलो बेटा, स्टडी वेल" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे. त्या दिवशी म्हणाले, "ही कविता मी पाठ करतो आणि तिला म्हणून दाखवतो. निदान बोलायला काहीतरी होईल."

मुलीकडून कविता लिहून मागवली. मग रोज चहाबरोबर शब्दार्थ सुरू झाले. पिचर म्हणजे आपला बॉलर, कॅचर म्हणजे विकेटकीपर. इथवर ठीक होतं. पण फटका मारल्यावर बॅट टाकून पळायचं, हे ह्यांना सहनच होईना. "बॅट टाकतात? ही काय रीत झाली?" मी म्हटलं, "तुम्हाला खेळायला नाही बोलावलेलं. शब्द शिका." कवितेतला जाडा खेळाडू जोरात फटका मारतो, चेंडू एक कुत्रा पळवतो, कुत्र्यामागे दोन्ही संघ धावतात आणि शेवटी सगळ्या बेसना, म्हणजे धाव पुरी करायला शिवायच्या चार खुणांना, शिवून कुत्राच जिंकतो. 'वॉबल' म्हणजे लटपटत चालणं, ते ह्यांनी मला हॉलभर चालून दाखवलं. 'ग्रम्पी' म्हणजे तिरसट. त्याचं उदाहरण शोधायला मला जागचं उठावंही लागलं नाही.

बघता बघता कविता पाठ झाली. मी म्हटलं, "मग म्हणा की ह्या रविवारी!"

"अजून नाही. उच्चार कच्चे आहेत."

ह्यांची सगळी नोकरी ओझरला, विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. भाग हातात घ्यायचा, मोजायचा, केसभर फरक दिसला तरी परत पाठवायचा. तिथे ते शहाणपणच होतं. पण घरातल्या नातीला कविता म्हणून दाखवायला कसली आली तपासणी? मी म्हणायचे, "अहो, चुकलात तर हसेल. हसू दे ना!" तर म्हणायचे, "हसायचं तर कवितेला हसावं, मला नाही." अति तिथे माती, असं चिडून ऐकवलंसुद्धा. पण रविवार आला की पुन्हा "स्टडी वेल" आणि फोन माझ्या हातात.

थंडीच्या दिवसांत एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत. मुलगी एकटीच धावत आली आणि दिवसकार्य उरकून परत गेली. रडून झालं, पण राग काही जात नाही. कविता तयार होती हो! रोज आंघोळ करताना म्हणायचे, मला बाहेर सगळं ऐकू येत होतं ना. एक अक्षर चुकत नव्हतं.

गेल्या रविवारी नात स्क्रीनवर आली. मलाही बोलायला काही सुचेना. मग मीच ती कविता सुरू केली. ऐकून ऐकून माझीही पाठ झाली होती, उच्चार मात्र सगळे धेडगुजरी. नात आधी बघतच राहिली, मग खदखदून हसायला लागली. चुकलं तिथे मला थांबवून सांगू लागली. कुत्र्याच्या ओळी तर आम्ही दोघींनी मिळून म्हटल्या. इतका वेळ ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

तिने विचारलं, "तुला ही कुणी शिकवली?"

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, आबांनी. तुला म्हणून दाखवायची होती त्यांना. रोज शिकत होते.

तिचं हसू थांबलं. मग ती हळूच एक वाक्य बोलली. सगळे शब्द सोपे होते, मला कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

"मला वाटायचं, आबांना मी आवडत नाही."