खुनाचं नवं कलम

व्यंकोजीराव एकतीस वर्षं बंगळुरूच्या एका विद्यापीठात फौजदारी कायदा शिकवत होते. जुनी दंडसंहिता त्यांना तोंडपाठ होती. ती जाऊन नवी आली, कलमांचे आकडे बदलले. वर्गात खुनाला ते पुन्हा तीनशे दोन म्हणाले आणि मुलं हसली. तेव्हापासून रत्नाबाई अवरेकाळूच्या शेंगा सोलताना नवं पुस्तक मांडीवर घेऊन नवऱ्याची उजळणी घेत.

“खून?”

“तीनशे दोन.”

“अहो, एकशे तीन. मला पाठ झालं की.”

“मग तूच जा शिकवायला.”

सोमवारी रत्नाबाईंनी डबा भरला, तरी व्यंकोजीराव पायजम्यातच बसलेले.

“येत नाही म्हणून कळवलंय. उद्या माझ्यामुळे एखादं पोरगं कोर्टात चुकीचं कलम सांगेल.”

“सरी, बरं तर,” म्हणत रत्नाबाईंनी डब्यातला भात पुन्हा पातेल्यात काढला.