पडलेल्या पुलाचा ठणठणीत अहवाल

ती सकाळ आठवली की अजून संताप होतो.

हरसूलच्या बाजाराचा दिवस होता. मी ठाण्यात हजेरी घेत असताना नदीवरच्या पुलाचा मधला गाळा कोसळल्याची खबर आली. पोचलो तेव्हा मोटारसायकल पाण्यात होती आणि काठावर चादरीखाली एक शिक्षक. रोज त्याच पुलावरून शाळेत जायचे. आम्ही पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली.

या पुलाला सेन्सर बसवलेले होते. जेवणाच्या डब्याएवढ्या पेट्या. पूल किती थरथरतो, किती कलतो, हे त्या पेट्या मोबाइलच्या नेटवर्कवरून नाशिकच्या कंपनीला कळवत. धोका दिसला की कंपनीने वर बांधकाम खात्याला कळवायचं आणि पूल बंद करायचा, असा करार होता.

कंपनीचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊनच आला.

"साहेब, आमच्याकडे सगळं नॉर्मल आहे. हा निव्वळ अपघात."

"हे आकडे कालचे?"

"नाही, लाइव्ह आहेत."

मी नदीकडे बोट केलं. "पूल पाण्यात पडलाय. आणि तुमचं यंत्र आत्ता तो ठणठणीत आहे म्हणतंय?"

त्याने लॅपटॉप मिटला.

गर्दी पांगल्यावर पुलाजवळ चहा विकणाऱ्या बाईंनी मला बाजूला घेतलं. "माझं नाव नका सांगू, साहेब. पावसाच्या आधी कंपनीची माणसं आलती. शिडी लावून डब्या काढल्या. इचारलं तर म्हणे दुरुस्तीला नेतो. परत काय आणल्या नाय."

सेन्सरच्या सिमकार्डांचं टॉवर लोकेशन मागवलं. ते निघालं नाशिकच्या गंगापूर रोडचं, जिथे कंपनीचं ऑफिस होतं. ऑफिसखालच्या पार्किंगमध्ये, एका जाडजूड खांबाला साऱ्या पेट्या ओळीने चिकटवलेल्या होत्या. न हलणाऱ्या खांबाची खबर पुलाच्या नावाने जात होती. पंचांसमक्ष जप्त केल्या.

चौकशीत इंजिनिअर आधी बॅटरी, रेंज असं काहीबाही सांगत राहिला. असा माणूस आपण ओरडलो म्हणून बोलत नाही, पुरावा दाखवून गप्प बसलं की बोलतो. मी पार्किंगचा फोटो पुढे ठेवला आणि थांबलो.

"ट्रक गेला की अलार्म यायचा, सर," तो शेवटी म्हणाला. "मालक म्हणाले, त्या पुलाची दुरुस्ती आपणच केलीय. हे वर गेलं तर आपणच अडकू."

"मग?"

"मग अलार्म थांबवला."

सदोष मनुष्यवधाचं कलम लावून मालकाला अटक केली. ठाण्यात तो खुर्ची ओढून बसला आणि मला म्हणाला, "ही टेक्निकल बाब आहे, इन्स्पेक्टर. तुम्हाला नाही कळायची." काही दिवसांत जामिनावर सुटला. दोषारोपपत्र मी स्वतः लिहिलं. मी निवृत्त झालो, खटला अजून तारखांवर चालू आहे.

नोकरीत खुनी पुष्कळ पाहिले. रागाच्या भरात कुऱ्हाड चालवणारे कोठडीत ढसाढसा रडलेले पाहिले. या माणसाला मात्र कोण मेलं, त्याचं नावही विचारावंसं वाटलं नाही. आपण ज्याला मारतो त्याचं तोंड बघावं लागत नसेल, तर माणूस किती सहज मारतो, हे मला या गुन्ह्याने शिकवलं.

जबाब नोंदवायला शिक्षकांच्या पत्नी ठाण्यात आल्या होत्या. सही केल्यावर उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि मागे वळल्या.

"पूल पडणार हे त्यांना ठाऊक होतं ना, साहेब? मग रस्त्यात दोन दगड तरी आडवे टाकायचे. आमचे हे मागे फिरले असते."