राजे फिट आहेत

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान बस चालवतात. डेपोत त्यांना राजे म्हणतात, कारण ते सीटवर बसतातच तसे: पाठ ताठ, मिशीला पीळ, आणि समोरचा रस्ता बापजाद्यांनी नावावर करून दिल्यासारखा. युनिफॉर्मला रोज कडक इस्त्री. ती बहीण करते. मी त्यांना अहो-जाहो करते, पण हा मान नात्याला आहे, माणसाला नाही. गाडी मात्र ते चांगली चालवतात, हे कबूल करायलाच हवं.

डेपोत दरवर्षी ड्रायव्हरांची तपासणी होते. डोळे, रक्तदाब आणि लघवी. एका वर्षी राजेंच्या लघवीत साखर निघाली. झालं, स्टेअरिंग काढून घेतलं आणि त्यांना गेटवर गाड्यांचे नंबर टिपायला बसवलं. कंडक्टर येता-जाता विचारायचे, "काय राजे, सिंहासन कुठाय?" कसंबसं पथ्य पाळून ते गाडीवर परतले आणि मनाशी ठरवलं की पुन्हा काही झालं तरी गेटवर बसायचं नाही. पथ्य महिन्याभरात सुटलं. हा हट्ट सुटला नाही.

यावर डेपोत जुना तोडगा होता. एक काटकुळा ड्रायव्हर होता, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा. तपासणीच्या दिवशी सकाळपासून सगळे त्याला आग्रह कर-करून पाणी पाजायचे, आणि संडासाबाहेर बाटल्या घेऊन रांग लागायची, राजेही त्यात. अर्धा डेपो त्या एकट्याच्या जिवावर फिट होता. राजे हे घरी रंगवून सांगायचे आणि बहीण पोट धरून हसायची. राजेंनाही हळूहळू वाटायला लागलं की साखर गेलीच असावी.

मग अंथरुणात त्यांचं काही चालेना. आधी कधीतरी, नंतर नेहमीच. राजेंनी कूस बदलून भिंतीकडे तोंड करायला सुरुवात केली आणि दिवसा भाजीत मीठ कमी म्हणून भांडायला. कुणा सोबत्याने दिलेली गोळी घेतली, तर डोकं ठणकलं, तोंड लाल झालं, बाकी शून्य. शेवटी कुणी ओळखीचं भेटणार नाही अशा लांबच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, रक्त तपासू. राजेंनी खिशातून डेपोचा रिपोर्ट काढला. "कालपरवाच सगळं झालंय. एकदम फिट." डॉक्टरांच्या दाराशी गर्दी होती. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "मग मनाचं असेल. ताण घेऊ नका. घरचं वातावरण जरा बघा."

इथे तोंड उघडायचं होतं. 'डॉक्टर, ही लघवी माझी नाही,' एवढंच. हसं झालं असतं, पण बंद दाराआड झालं असतं. राजे गप्प बसले, कारण साखर वेगळी आणि हे वेगळं, असं त्यांना खरंच वाटत होतं. तेवढं अज्ञान मी माफ करते. पुढचं करत नाही.

घरी येऊन ते बहिणीला म्हणाले, "माझ्यात काही दोष नाही. डॉक्टर म्हणाले, घरात बघा." मुलगा नोकरीसाठी परगावी. घरात बघायला उरली ती एकटीच.

आणि ती बघत बसली हो! जेवण अर्धं केलं. केस रंगवले. एक दिवस माझ्या शिवणाच्या दुकानात झिरझिरीत कापड घेऊन आली, म्हणाली, "ताई, लेस लावून गाऊन शिवून दे." मी चिडवलं, "या वयात काय गं हे?" तशी घळाघळा रडायला लागली. तेव्हा मला सगळं कळलं. मी मन लावून तो गाऊन शिवला. राजेंनी तो पाहिला आणि म्हणाले, "आरशात बघितलंस का?" नंतर तो गाऊन फरशी पुसायला गेला.

अशी वर्षं गेली. मग राजेंना बूट चावला. त्यांना तो कळलाच नाही, आणि जखम काही केल्या भरेना. मोठ्या दवाखान्यात नेलं, मीही सोबत होते. रक्तातली साखर बघून डॉक्टरीण बाईंनी कपाळाला हात लावला.

"कधीपासून आहे?"

"नाही मॅडम, दरवर्षी तपासणी होते. फिट असतो मी."

"ती तपासणी दुसऱ्याची असते," बहीण म्हणाली. राजेंनी डोळे वटारले, पण ती बाईंकडेच बघत होती.

बाईंनी विचारलं, पायाला मुंग्या येतात का? नवरा-बायकोच्या संबंधात अडचण?

"पुरुष डॉक्टर नाहीत का?" राजे म्हणाले.

"आहेत, पुढच्या आठवड्यात येतील. पाय थांबेल का तोवर?"

राजे भिंतीकडे बघायला लागले. बहीण म्हणाली, "आहे अडचण. खूप वर्षं."

बाईंनी शांतपणे समजावलं. "साखरेनं रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात. तिथल्या वाहिन्या बारीक, म्हणून पुष्कळदा पहिली खूण तिथंच दिसते. तेव्हाच खरं सांगितलं असतं तर पायावर आलं नसतं. अजूनही उपाय आहेत. साखर ताब्यात आणा, सिगारेट बंद, पाय बरा झाला की रोज चाला. हृदय तपासून मग मी गोळी देईन. कुणाचं ऐकून घ्यायची नाही, हृदयाच्या काही औषधांबरोबर ती जिवावर बेतते. गोळीनं नाही भागलं तर दुसरे इलाज आहेत. यात लाजण्यासारखं काही नाही."

"म्हणजे हे बायकोमुळे होत नाही?" बहिणीने विचारलं.

"तुमच्यामुळे? कोण म्हणालं?"

बहिणीने राजेंकडे पाहिलं. मग राजेंनी घसा खाकरून विचारलं, "मॅडम, गाडी चालवता येईल ना?"

आली चालवता. काही महिने गेटवर काढले, साखर खरोखरची उतरली, जखम भरली, सिगारेट सुटली. गोळीही लागू पडली असणार, कारण एक दिवस राजे मिशीला पीळ देऊन माझ्या दुकानात हजर.

"ताई, तिला जरा समजवा. मी आता बरा आहे आणि ही दुसऱ्या खोलीत झोपते."

"तिची माफी मागितलीत?"

"कशाची? मला तरी कुठं माहीत होतं?"

हातात कात्री होती, ती मी खाली ठेवली. पण त्यांच्यासाठी नाही, बहिणीसाठी म्हणून संध्याकाळी तिच्याकडे गेले. ती दुसऱ्या खोलीत आपल्या उशीला अभ्रा घालत होती.

"अगं, बरे झालेत ते," मी म्हटलं.

"माहीत आहे. साखरेच्या गोळ्या मीच वेळेवर हातात देते ना." ती उशी मांडीवर घेऊन बसली. "ताई, इतकी वर्षं ते म्हणायचे, दोष माझ्यात आहे. तेव्हा नव्हता गं. आता त्यांचा हात लागला की माझं अंग आक्रसून जातं. आता आहे. यावर देतात का गं काही औषध?"