हाताला कळेनासं झालं

बाजारात तिला सगळे कसोटी म्हणायचे. लष्कराने काढून टाकलेला माल लिलावात घ्यायचा, निवडायचा आणि दुकानात विकायचा, हा तिच्या सासरचा धंदा. नवरा गल्ल्यावर बसून गोड बोलायचा. माल पारखायचं काम मात्र लग्नानंतर हळूहळू तिच्याकडे आलं. सासरे म्हणायचे, "सुनेच्या बोटांना डोळे आहेत आणि मुलाच्या डोळ्यांत झोप." हा टोमणा नवरा स्वतःच गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा.

दोर हातात आला की ती पीळ उलगडून आत बघायची. आतून भुकटी पडली, तर बाहेरून कितीही दणकट दिसो, दोर बाजूला. तंबूचं कापड घडीवर ताणायची, कारण ते फाटतं ते आधी तिथेच. पत्र्याच्या डब्याचा वास घ्यायची. ज्यात रॉकेल होतं त्यात कुणी पाणी भरायला नको. विषारी वायूपासून वाचवणारे मुखवटे तर ती विकतच नसे, त्यांची आतली गाळणी कधीच निकामी झालेली असे. "शोभेला हवं असेल तर घड्याळ टांगा," म्हणायची. पण सगळ्यात जास्त संशय तिला कोऱ्या मालाचा. गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या बुटाचा तळवा चार पावलांत भुगा होतो. कडेला नख दाबलं की तिला ते कळायचं.

तिचा धाकटा भाऊ लष्करात होता. सुट्टीवर आला की दुकानात येऊन टेबलावर पाय ठेवायचा आणि म्हणायचा, "ताई, हे बूट मी घालून मऊ करतोय. पुढे तूच विकशील."

तो गेला. लढाईत नव्हे, पाण्याची टाकी नेणारी गाडी उतारावर उलटली आणि तो मागे बसलेला होता. आई आणि भावजय एकमेकींना धरून रडल्या. कसोटीने आल्यागेल्याला पाणी दिलं, चपला सरळ लावल्या, भांडी घासली. माणसं पांगल्यावर ती दुकान उघडायला गेली. शेजारचा कुलूपवाला तिच्या नवऱ्याला हळूच म्हणाला, "काळीज दगडाचं आहे बुवा." तिने ते ऐकलं. खरंच असेल, असं तिला वाटलं, आणि ती गठ्ठा सोडायला लागली.

काही दिवसांनी भावाची पेटी घरी आली. भावजयीने निरोप पाठवला. कसोटी गेली तेव्हा पेटी खोलीच्या मधोमध होती आणि भावजय भिंतीला टेकून बसलेली.

"वन्सं, मला यातलं काही कळत नाही. काय ठेवायचं, काय द्यायचं, तुम्हीच सांगा."

कसोटी खाली बसली. रोजच्यासारखे तीन ढीग केले. पाण्याची बाटली उजेडात धरून म्हणाली, "तोंडाशी चीर आहे, टाक." स्वेटरचं कोपर त्याने स्वतःच रफू केलं होतं, वेड्यावाकड्या टाक्यांनी. "लोकर विरली. टाक." डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूने झिजली होती, लहानपणापासून तो तसाच चालायचा. "तळवा चांगला आहे, टाच बदलून कुणालाही चालेल." जाड कोट तिने काखेत आणि गळ्याशी तपासला. "हा तू घाल. बर्फाच्या कारखान्यात गारठ्यात उभी असतेस. बाह्या आखूड करून घे, पुष्कळ वर्षं जाईल."

आई दारात कधीची उभी होती.

"अगं, भाऊ होता तो तुझा. गठ्ठा सोडल्यासारखी काय बसलीस?"

"आई, नुसतं ठेवलं तर कुजेल."

"कुजू दे! माझं लेकरू कुजलं तिथे स्वेटरचं काय घेऊन बसलीस?" आईने टाकायच्या ढिगातून तो स्वेटर ओढला आणि आत निघून गेली.

भावजयीने कोट मांडीवर घेतला आणि ती बाह्या दुमडून बघू लागली. कसोटीला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. घरी जाताना तिने भाजी घेतली.

पुढे एक विहीर खोदणारा दुकानात आला आणि कसोटीने पास केलेले बूट त्याने टेबलावर आपटले. तळवे सुटून लोंबत होते. "ताई, मी दोराला लटकलो होतो हो! पाय टेकला आणि खालून रबरच गेलं. थोडक्यात वाचलो."

तिने बूट घेतला. कडेला नख दाबलं. पुन्हा दाबलं. रबर मऊ आहे की मेलेलं, काही समजेना. तिने माफी मागितली, नवऱ्याने त्याला दुसरी जोडी दिली. माणूस गेल्यावर ती म्हणाली, "अहो, माझ्या हाताला कळत नाहीये."

"कधीपासून?"

"पेटी आल्यापासून असेल. मी सवयीने पास करत होते."

नवऱ्याने त्या लॉटचे सगळे बूट खाली उतरवले. एरवी गल्ल्यावरून न उठणारा हा माणूस जमिनीवर मांडी घालून बसला आणि एकेक बूट वाकवून बघू लागला. ती शेजारी बसून सांगत राहिली: इथे दाबा, आता वाकवा, भेग पडली का बघा. निम्मे बूट बाद झाले. त्यानंतर नवरा पारखायचा, ती गल्ल्यावर. गोड बोलणं तिला जमत नसे, पण गिऱ्हाइकं सांभाळून घेत.

थंडी सुरू झाल्यावर आई दुकानात यायला लागली. घरात करमत नाही म्हणाली. भांडणाचा विषय दोघींनीही काढला नाही. आई ओसरीवर ब्लँकेटं उन्हात पसरायची, कोटांची बटणं लावायची. भावजय कामावर जाताना रस्त्यातून हात करायची, आखूड बाह्यांच्या कोटात. आई एकदा ती पाठमोरी होऊन दूर जाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "खांद्यात ढगळ होतोय गं तिला." "शिंप्याकडे देऊ," कसोटी म्हणाली.

एका सकाळी ब्लँकेटांचा नवा गठ्ठा आला. नवरा बाहेर गेला होता. आईने एक उचलून विचारलं, "हे कसं आहे?"

"तूच सांग."

आईने ब्लँकेट नाकाशी धरलं, घडी उलटली, पुन्हा हुंगलं. "हे नको. ओलाव्यात पडलं होतं."

कसोटीने ते बाजूला ठेवलं आणि पुढचं आईच्या हातात दिलं.